दचकी

मी भित्री डॉक्टर होते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. दिवाळी अंकात डॉक्टरांनी लिहिलेलं काही आलं, की त्यात एक धीरगंभीर व्यक्ती असते. ती रोग्याचा हात हातात घेते आणि पुढचं सगळं सुरळीत पार पडतं. माझं तसं कधी झालं नाही. धुळ्यात उभी हयात फिजिशियन म्हणून काम केलं आणि त्यातला निम्मा काळ घाबरत काढला. संपादकांनी "काहीतरी हलकंफुलकं द्या" असं सांगितलं होतं. हलकंफुलकं सुरुवातीला थोडं आहे. पुढचं त्यांनी चालवून घ्यावं.

मी मूळची सांगलीकडची. लग्न होऊन धुळ्यात आले आणि ऐंशीच्या सुमारास स्वतःचा छोटा दवाखाना काढला. पाटीवर 'फिजिशियन' असं ठळक लिहून घेतलं होतं, पण लोकांनी पाटी वाचलीच नाही, साडी वाचली. लेडी डॉक्टर म्हणजे बाळंतपणं करणारी, हे इथे ठरलेलं. दिवस गेलेल्या बायका यायच्या, मी बाळंतपणं करत नाही म्हटलं की तोंडाकडे बघत राहायच्या. "मंग तुम्ही करतस तरी काय?" असं एका म्हातारीने मला अगदी काळजीने विचारलं होतं. मी म्हटलं, हृदय बघते, फुप्फुस बघते, ताप बघते. "म्हनजे गडीमानसंना डाक्टर शेतस," असं म्हणून ती सुनेला घेऊन निघून गेली.

मला तारलं ते कार्डिओग्रामच्या मशीनने. मुंबईहून जुनं विकत आणलेलं ते पेटीएवढं धूड छातीला वाट्या लावून कागदाची लांब पट्टी बाहेर सोडायचं. त्यामुळे आमच्याकडे कार्डिओग्राम काढणं म्हणजे 'पट्टी काढणं' आणि मी 'पट्टीवाल्या बाई'. बोदवडचे एक आबा लेकीकडे धुळ्याला आले की न चुकता पट्टी काढायला यायचे. त्यांच्या हृदयाला काही झालेलं नव्हतं. पट्टी घेऊन ते घडी घालायचे आणि टोपीत ठेवायचे. पुढे कळलं, की त्यांच्या मते औषध ती पट्टीच होती. "जुनीचा जोर कमी झाला बाई," असं म्हणत ते नवी मागायचे. मी बरेच दिवस समजावलं, मग सोडून दिलं. त्यांना बरं वाटत होतं, आणि मला निदान एक रोगी असा होता ज्याची भीती वाटत नव्हती.

माझ्या दवाखान्याच्या मागेच एक प्रसूतिगृह होतं. तिथल्या डॉक्टरबाई माझ्यापेक्षा मोठ्या, मी त्यांना ताई म्हणायची. गरोदर बाईला धाप लागली, पाय सुजले, की त्या मला हाक मारायच्या. बहुतेकींच्या हृदयाच्या झडपा लहानपणच्या सांधेतापाने खराब झालेल्या असत. ते दुखणं वाईट, पण त्याला आवाज असतो. नळी छातीवर ठेवली की झडप स्वतःच सांगते, मी बिघडले आहे. ज्या दुखण्याला आवाज नाही ते मला उषाने दाखवलं, आणि त्यानंतर मी पूर्वीसारखी निश्चिंत कधी झोपले नाही.

उषा आली तेव्हा तिला सातवा महिना लागला होता. सासर चाळीसगावचं, नवऱ्याचं, रमेशचं, तिथे बी-बियाण्यांचं दुकान. पहिलं बाळंतपण म्हणून ती पॅसेंजरने धुळ्याला आली होती आणि साक्री रस्त्यावरच्या एका खेड्यात माहेरी उतरली होती. बारावीपर्यंत शिकलेली, सावळी, बोलायला चटपटीत. शाळेपासून तिला फिट यायची, त्याच्या गोळ्या चालू होत्या. "बाळंतपणात फिट आली तर पंचाईत, तू एकदा बघ," म्हणून ताईंनी तिला माझ्याकडे पाठवलं. सोबत तिची आई होती. सगळं गाव तिला अक्का म्हणायचं, मीही तेच म्हणू लागले. हाडापेराने मजबूत बाई, कपाळावर मोठं कुंकू, बसताना पाठ ताठ.

"फिट कधी येते?" मी विचारलं.

"दचकी शे ती," अक्का म्हणाली. "न्हानपनपासून. आवाज व्हयना की पडी जास."

"मी घाबरट नाही हं," उषा मध्येच म्हणाली. "घरात साप निघाला तर काठीने मीच बाजूला करते. घाबरणं वेगळं आणि दचकणं वेगळं."

मी मान वर करून तिच्याकडे नीट बघितलं. पहिल्यांदा पडली ती शाळेत, ती म्हणाली. पाठमोरी उभी होती आणि शिपायाने कानामागेच घंटा दिली. मग एकदा कुकरच्या शिट्टीला. एकदा कुणीतरी मागून फटाका फोडला तेव्हा. लग्नाच्या बँडचं काही होत नाही, कारण तो लांबून वाजत येतो. एकदम कानाशी आलेला आवाज चालत नाही. पडते, जरा वेळाने आपली आपण उठते, जीभ चावत नाही की तोंडाला फेस येत नाही. गावात तिला 'दचकी' म्हणूनच हाक मारायचे.

ही फिट नाही, एवढं माझ्या लक्षात आलं. मी विचारलं, घरात आणखी कुणाला असं होतं का. उत्तर उषाने दिलं. मोठी बहीण निर्मला, तीही दचकायची. पहिल्या बाळंतपणात पाचवीच्या दिवशी गेली. त्याआधी एक मावशी, तीही बाळंतिणीच्या खाटेवरच.

"सटवाई लई गयी तिले," अक्का म्हणाली आणि पदर सारखा केला. "आमना घरन्या बायतिनी टिकतस नही."

अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो. बाळंतीणची बायतीन होते, गोळीची गोयी; 'आहे'ला म्हणतात 'शे'. इतक्या वर्षांत माझ्या कानाला त्याची सवय झाली होती, पण ते वाक्य मात्र टोचलं.

मी पट्टी काढली. मशीनमधून कागद सरकत बाहेर आला, तो बघून मी लगेच दुसरी पट्टी काढली.

आता हे सोपं करून सांगते. हृदयाचा ठोका विजेवर चालतो. पट्टीवर प्रत्येक ठोक्याचा एक उंच सुळका येतो, त्याच्यामागे एक बसकी टेकडी. सुळका म्हणजे हृदय आवळलं, टेकडी म्हणजे ते पुन्हा तयार झालं. हापशावर पाणी भरलं असेल तर कळेल. दांडा पुरता वर येऊ द्यावा लागतो, मगच खाली दाबायचा. अर्ध्यावरच कुणी घाईने दाबत सुटलं, तर नुसता खडखडाट होतो आणि पाणी येत नाही. काही घराण्यांत दांडा वर यायलाच उशीर लागतो. एरवी काही बिघडत नाही. पण तेवढ्या वेळात अचानक धक्का बसला, दचकायला झालं, तर हृदय खडखडत राहतं आणि रक्त पुढे जात नाही. माणूस पडतं. बहुतेक वेळा खडखडाट आपोआप थांबतो आणि माणूस उठतं. एखाद्या वेळी थांबत नाही. आईबापांकडून मुलांत उतरणारं हे दुखणं आहे. उषाच्या पट्टीवर टेकडी इतकी उशिरा येत होती, की पुढच्या सुळक्याला जवळजवळ टेकली होती.

पुस्तकात यावर अर्धं पान होतं. आमच्या सरांनी ते शिकवताना, हे परीक्षेपुरतं वाचा, जन्मात दिसायचं नाही, असं सांगितलं होतं. मी त्याच सरांना मुंबईला ट्रंक कॉल लावला. लाइनवर इतकी खरखर, की मी घसा फोडून पट्टीचं वर्णन करत होते. मध्येच माझ्या लक्षात आलं की पलीकडच्या खोलीत उषा बसली आहे, आणि मी एकदम कुजबुजायला लागले. सर तिकडून ओरडत होते, "अहो, मोठ्याने बोला की!" शेवटी त्यांनी सांगितलं ते एवढंच: ठोक्यांना लगाम घालणारी अमुक गोळी दे, रोज दे, एक दिवस चुकवू नको, आणि तिला दचकू देऊ नको.

गोळी चालू केली. फिटच्या गोळ्या हळूहळू बंद केल्या. रक्तातले क्षार कमी होऊ नयेत म्हणून केळी खायला सांगितली, तर अक्का म्हणाली केळं थंड, पोटुशीला चालत नाही. केळीवरून आमचं भांडण झालं आणि त्यात मी जिंकले. मग अक्काला समोर बसवून विचारलं, घरात मोठे आवाज कुठले कुठले होतात. तिने मन लावून सांगितलं. कुकर वापरायचा नाही, फटाके नाहीत, पोळ्याला बैलांच्या मिरवणुकीला जायचं नाही, शेजारच्या पिठाच्या गिरणीकडे फिरकायचं नाही. मला वाटलं, झालं सगळं. तिने काही लपवलं नव्हतं. मोठा आवाज म्हटल्यावर तिला जे आठवलं ते तिने सांगितलं.

ते दोन महिने मी कसे काढले ते मलाच माहीत. रस्त्यात ट्रकचं टायर फुटलं तरी मनात यायचं, उषा कुठे असेल. तिला मात्र एकदाही चक्कर आली नाही. पोटात बाळ असताना हृदय जरा भराभर चालतं आणि त्या आडोशाला हे दुखणं दबून राहतं. बाळंतपण झालं की तो आडोसा जातो, झोपेचं खोबरं होतं, शरीराची सगळी घडी विस्कटते, आणि खरा धोका त्यानंतरच्या महिन्यांत असतो. हे मी छापलेलं वाचलं ते पुष्कळ वर्षांनी. तेव्हा माझ्यापाशी होत्या फक्त निर्मला आणि मावशी, दोघीही बाळंत झाल्यावर गेलेल्या. तेवढ्यावरून जे समजायचं ते मी समजले होते.

बाळंतपणासाठी आम्ही प्रसूतिगृह मुकं केलं. टेलिफोन गोधडीत गुंडाळला, बोलावण्याच्या घंटेच्या लोळ्याला बोळा बांधला, बादल्या आपटू नका म्हणून तंबी दिली. आया वैतागून म्हणाली, "बाई, आठे बायतपन शे का मयत?" ताई हसल्या. मला हसू आलं नाही. कळा चालू असताना मी शेजारी पट्टी काढत बसले होते, आणि माझ्याच हृदयाची पट्टी काढली असती तर ती जास्त बघण्यासारखी निघाली असती. दुपारी मुलगी झाली. रडली, उषा हसली, सगळं नीट झालं.

"सुटली बाई एकदाची, मोकळी झाली," ताई म्हणाल्या. बाहेर अक्का रमेशला तेच म्हणाली, "मोकयी व्हयनी." बाई बाळंत झाली की आपण सगळे हेच म्हणतो. मीही म्हणाले असेन.

पाचवी घरीच व्हायला पाहिजे, यावर अक्का अडून बसली, म्हणून चौथ्या दिवशी ताईंनी उषाला सोडलं. मी गोळ्यांची पिशवी उषाच्या हातात दिली. उषाला, अक्काला आणि रमेशला वेगवेगळं गाठून सांगितलं की सव्वा महिना तर नाहीच, पण त्यानंतरही गोळी सोडायची नाही. तिघांनीही माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी रमेश पेढे घेऊन आला. मुलीचे पेढे नसतात, बर्फी असते, असं माझ्या कंपाउंडरने त्याला ऐकवलं. तर तो म्हणाला, "मला पेढे आवडतात. आणि मला मुलगी पण आवडते." मी एक पेढा तोंडात टाकला आणि सहज विचारलं, गोळी घेते ना वेळेवर.

"गोळी बंद केली ना मॅडम," तो म्हणाला. "आता मोकळी झाली म्हटल्यावर."

पेढ्यांचा पुडा मी बाजूला सारला.

"कोणी बंद केली?"

"अक्कांनी. ती बाळंतपणासाठीच होती ना? आणि गोळीने दूध आटतं म्हणे. काल घरी गेल्यापासून बंद." माझा चेहरा बघून तो जरा चाचरला. "आज सगळं व्यवस्थित आहे, मॅडम. पाचवीची तयारी चाललीय. अक्का तर सकाळपासून थाळी घासून बसल्यात. या वेळी जोरात वाजवणार म्हणतात, बाळ आईसारखं दचकं निघायला नको."

मी विचारलं, कसली थाळी. सांगलीकडच्या मला हे माहीतच नव्हतं. त्याने भाबडेपणाने सांगितलं. त्यांच्या घरात पाचवीला दिवस मावळायच्या आत बाळाच्या कानाशी काशाची थाळी वाजवतात. बाळाने तो आवाज ऐकला की ते पुढे कशाला दचकत नाही. बाळ आईच्या मांडीवरच असतं.

"निर्मलाच्या पाचवीला वाजवली होती?"

"वाजवली असणारच," तो म्हणाला, आणि मग त्याचाही रंग उतरला.

अक्काने मला कुकर सांगितला होता, फटाके सांगितले होते. थाळी तिने सांगितली नव्हती, कारण तिच्या लेखी थाळी हा आवाजच नव्हता. ते बाळाचं औषध होतं. ज्या घरात दचक्या पोरी निपजत होत्या त्या घरात ते आणखी जोरात द्यायचं, एवढंच तिला ठाऊक होतं.

माझी जुनी फियाट होती. रमेशला शेजारी बसवलं, औषधांची पेटी मागे टाकली आणि निघाले. साक्री रस्ता तेव्हा अरुंद होता, समोरून येणाऱ्या ट्रकला वाट द्यायला मातीत उतरावं लागायचं. उन्हं कलायला लागली होती. रमेश सारखा म्हणत होता, "अजून वेळ आहे, मॅडम, दिवस बुडायला वेळ आहे." मी मनातल्या मनात देवाशी फार हलक्या दर्जाच्या घासाघिशी करत होते.

गल्लीत गाडी जात नव्हती. पारापाशी उतरलो आणि चालायला लागलो, तेवढ्यात थाळीचा पहिला ठोका ऐकू आला.

मी धावले. साडी नेसलेली, चाळिशीला आलेली डॉक्टरीण गल्लीतून धावते आहे म्हणून लोक ओट्यांवर उभे राहिले. थाळी दोन-चारदा वाजली आणि थांबली. मला वाटलं, झालं, निभावलं. मग ती पुन्हा सुरू झाली, आधीपेक्षा जोरात, भराभर, काही ताळतंत्र नसल्यासारखी. रमेश माझ्या पुढे पळाला.

माजघरात पूजा मांडलेली होती, पाटा-वरवंट्याला हळदकुंकू वाहिलेलं. बाळ एका शेजारणीकडे होतं आणि रडत होतं. उषा खाटेवर एका कुशीवर कलंडली होती, डोळे अर्धे उघडे. आणि अक्का तिच्यावर वाकून, तिच्या कानाशी, लाटण्याने थाळी बडवत होती. तिच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या आणि ती सटवाईला सांगत होती, "सोड तिले, सोड मनी पोरले, सोड." लेक पडली की थाळी आणखी जोरात वाजवायची, म्हणजे धरणारी तिला सोडते, एवढंच तिला येत होतं आणि ते ती जीव तोडून करत होती.

मी तिच्या हातातली थाळी हिसकावली आणि गोधडीवर पालथी टाकली. उषाची नाडी लागेना. तिला रमेशच्या मदतीने खाली जमिनीवर घेतलं आणि हृदयाचा खडखडाट मोडावा म्हणून मूठ वळून छातीच्या मधोमध जोरात ठोसा मारला. बायका किंचाळल्या. मी दुसरा मारला. कुणीतरी माझा दंड धरला. "बायतीनले मारस का वं?" रमेशने त्या बाईला बाजूला ओढलं. मी दोन्ही हातांनी छाती दाबायला लागले. खरं सांगते, त्या वेळी माझ्या डोक्यात वैद्यकशास्त्र नव्हतं. एवढंच होतं की ही पोर गेली, माझ्या हातात गेली.

तिने एकदम घशातून मोठा आवाज करून श्वास घेतला. बोटाखाली नाडी लागली, वेडीवाकडी, मग हळूहळू सरळ. तिने डोळे उघडले, आमच्याकडे बघितलं आणि ओशाळून विचारलं, "मी दचकले का?"

मी भिंतीला टेकून बसले. ट्रंकेखालून गोळ्यांची पिशवी निघाली, मी दिली होती तशीच. पहिली गोळी तिथेच दिली. उषा हळूच मला म्हणाली, "मी अक्काला म्हटलं होतं बाई. पण बाळंतिणीचं कोण ऐकतं?"

तिला गाडीत मागच्या सीटवर झोपवून, डोकं अक्काच्या मांडीवर देऊन धुळ्याला आणलं. येताना मी एकदाही हॉर्न वाजवला नाही. हॉर्न न वाजवता धुळ्याच्या बाजारातून कुणी गाडी काढून दाखवावी. एका गाईमागे तर रमेश उतरून चालत राहिला. आरशात मला अक्का दिसत होती. तिचा एक तळवा उषाच्या कानावर घट्ट दाबलेला होता.

उषाला मी माझ्याच दवाखान्यात ठेवून घेतलं. गोळी पुन्हा अंगात भिनली, टेकडी तेवढीच उशिरा येत राहिली, पण ठोके शहाण्यासारखे पडू लागले. एका दुपारी मी अक्काचीही पट्टी काढली. तिच्यातही ते होतं, थोडंसं. "मी तं कधी पडनू नही," ती म्हणाली. एकाच घरात, एकाच रक्तात कुणी पडतं आणि कुणी जन्मभर ताठ उभं राहतं, असं का होतं ते तेव्हा मला सांगता आलं नाही. आजही पुरतं सांगता येत नाही. तिलाही गोळी लिहून दिली. ती वेळेवर घेऊ लागली, न बोलता.

तिच्या न बोलण्याची मला भीती वाटत होती. मला माहीत होतं की ती काहीतरी विचारणार आहे. काय विचारणार हेही माहीत होतं. ती वॉर्डातून आली की मी उगाच कामात असल्यासारखं दाखवायची. खानदेशात अशा किती निर्मला सटवाईच्या नावावर गेल्या असतील, हा विचार त्या दिवसांत माझ्या मनातून हलत नव्हता, आणि त्या सगळ्यांच्या आया मला अक्कासारख्या दिसायच्या.

सव्वा महिना झाल्यावर तिघी तपासायला आल्या. उषा बाळाला पाजायला शेजारच्या खोलीत गेली, तशी अक्का खुर्ची पुढे ओढून बसली.

"निर्मलानी पाचवीले थायी मीच वाजाडी व्हती," ती म्हणाली. "ती पडनी, तं मी आखो जोरमा वाजाडी."

एवढंच. प्रश्न तिने विचारलाच नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. अशा वेळी सांगायची वाक्यं आम्हा डॉक्टरांकडे तयार असतात. तिचं आयुष्यच तेवढं होतं, कुणाच्या हातात काही नसतं, मनाला लावून घेऊ नका. मी ती कितीतरी लोकांना सांगितली आहेत. त्या बाईला सांगता येईना. तिने उषाला मरणातून परत येताना बघितलं होतं, तिला खोटं कळलं असतं.

"हो अक्का," मी म्हटलं. "आवाजानेच झालं असणार. पण तुम्हाला ते कळायला काही मार्ग नव्हता. मलाही कळलं नव्हतं."

पुढची दोन्ही वाक्यं तिने ऐकली असं मला वाटत नाही. तिने मान हलवली. पाठ तशीच ताठ होती, फक्त हात मांडीवर उघडे पडले होते. मला तिच्या हाताला हात लावावासा वाटला आणि धीर झाला नाही.

मग तिने उषाला हाक मारली, बाळ घेतलं, टेबलावर ठेवलं आणि स्वतःच त्याचं झबलं सोडलं.

"इनी पट्टी काढा."

एवढ्याशा छातीला माझ्या मशीनच्या वाट्या मोठ्या होत होत्या. बाळ चिडून रडायला लागलं, अक्काने त्याच्या तोंडात बोट दिलं. कागद सरकत बाहेर आला. सुळका, मग सपाट, सपाट, आणि मग उशिरा टेकडी. उषा दारात उभी होती. अक्काला पट्टी वाचता येत नव्हती, माझा चेहरा येत होता.

"शे ना?" तिने विचारलं.

"शे," मी म्हटलं.

उषाने दाराची चौकट धरली. अक्का तिच्याकडे वळली नाही. "मंग गोयी कशी देवानी ते माले सांगा," ती मला म्हणाली. "तिले नका सांगू. माले सांगा."

मी कंपाउंडरकडून औषधाचा खल मागवला. गोळीचा केवढा तुकडा घ्यायचा, तो कुटून दुधाच्या चमच्यात कसा कालवायचा, ते दाखवायला लागले. अक्काने माझ्या हातातून खल काढून घेतला. टेबलावर आधी स्वतःच्या पदराची जाड घडी घातली, तिच्यावर खल ठेवला, आणि मग कुटायला लागली, बाळाकडे बघत, अगदी हळू, आवाज होणार नाही असं.